सात जणींची सात पानं

३ मार्च २००९
आज पुन्हा तेच! बचत गटाची वेबसाइट सुरू होऊन महिना झाला. गुगलवर 'महाड नाचणी पापड' टाकलं — आम्ही चौतिसावे. साळूकाकीचं पान दिसलं. काल आईचं होतं, छत्तिसावं. गटात सात जणी, म्हणून मी हट्टाने सात पानं केली. कुणी मागे राहायला नको! मजकूर एकच, फक्त नाव, फोटो आणि फोन वेगळे.

५ मार्च
वरंधहून आजही एसटीने महाडला. सायबर कॅफेवाला निषाद हसला. "अगं ग्रॅज्युएट, तुझीच पानं आपसांत भांडतायत! गुगलने दाखवायचं कुठलं? आठ दिवस बघ, कुठलं वर येतं. तेवढंच ठेव."
घरातली पहिली पदवीधर मी. सगळ्यांना सारखं द्यायला गेले आणि सगळ्यांनाच मागे ढकललं.

१३ मार्च
वहीत आठ दिवस भरले. साळूकाकीचं पान सहा दिवस वर. आईचं दोन.

१४ मार्च
आईचं ठेवलं. बाकीची काढली. सहा जणींची नावं आईच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत.
गटाच्या बैठकीत मी म्हणाले, "कम्प्युटरनेच निवडलं."
बनुबाई म्हणाली, "कम्प्युटर पण हिच्या आयशीचाच हाय वाटतं!" सगळ्या हसल्या.
साळूकाकी एवढंच म्हणाली, "निवडू दे गो. तिचे पापड लय पातळ."
आई घरी येताना वाटभर खुशीत होती. तेच जास्त लागलं.

२८ मार्च
नववे! गुगलच्या पहिल्याच पानावर. आनंद होत नाही.
निषादने विचारलं, "वर येणारंच ठेवलंस ना?"
"हो."
आता खोटं सहज येतं मला.

२ एप्रिल
पुण्याहून एक दुकानदार घाट उतरून आले. हातात महिन्यापूर्वी छापलेला कागद — साळूकाकीचं पान! मी काढून टाकलेलं. साठ किलो पापड हवेत.
काकी तडक आमच्या पडवीत, आई पापड लाटत होती तिथे. "निम्मे तुझ्या आयेनं लाटायचे. कम्प्युटरनं तिला निवडलाय, मान राखाया नको?"
तिला वाचता येत नाही. मी वही आणली आणि मोठ्याने वाचली. साळूकाकी सहा दिवस वर. आई दोन.
आईचं लाटणं थांबलं.