नितळ पाण्यात काळी माशी

सेलू,
ता. ६ फेब्रुवारी १९७७

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र बुधवारी मिळालं. तुझे दाजी जिनिंग मिलमधून जेवायला आले होते, त्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. सरजावहिनीला तू नदीवर घेऊन गेलास, काठी तिच्या हातात दिलीस आणि तिनं पहिल्याच दिवशी अडीच किलोची मरळ काढली, हे वाचून ते म्हणाले, "तुजी वयनी लय हुशार दिसायलीय." मी भाकऱ्या करत होते. एक करपली. ती मी त्यांच्याच ताटात वाढली, आणि त्या बिचाऱ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

आडपडदा कशाला ठेवू? मला वहिनीचा हेवा वाटतो. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नाही आणि ती पूर्णेच्या काठावर तुझ्या शेजारी उभी राहते. मी धरणाच्या कॅम्पात लहानाची मोठी झाले, रोज सकाळी दारातून नदी बघितली, पण काठी कधी हातात घेतली नाही. तुला आठवतं का, बाबा धरणाच्या कामावर खलाशी होते आणि त्यांचे इंजिनियर साहेब बदली होऊन जाताना त्यांना काठी आणि माश्यांचा पत्र्याचा डबा देऊन गेले? गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेले ते खोटे किडे आणि बेडूक. साहेब त्यांना माशी म्हणायचे, म्हणून आपणही म्हणायला लागलो. बाबांनी काठी आणि डबा दोन्ही तुला दिलं. मी तेव्हा बारा वर्षांची. आत काय आहे ते बघायला मी डब्यातली एक माशी उसवली आणि तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. मग रडत रडत मी ती परत बांधली, कोंबड्याच्या मानेची दोन पिसं जास्त घालून, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरच तुला पहिली मरळ लागली. मी म्हटलं, आता मला ने. तू आईकडं बघितलंस. आई म्हणाली, "नदीवर तुजं काय काम हाय? चूल कोण बघंल?" तू काठी उचललीस आणि गेलास.

मग चूलच बघितली मी. तू मासे आणायचास, आणि ते साफ करायचं काम माझं. तुला वाटत असेल, आपल्या सत्याला माश्या बांधायची कला उपजतच आहे. उपजत कसली डोंबलाची! मी प्रत्येक माशाचं पोट फाडून बघायची. जूनच्या पुरानंतर पोटात बेडकाची पिल्लं निघायची, दिवाळीनंतर मुरीची बारकी मासळी, उन्हाळ्याच्या तोंडाशी झिंगे. त्याच्या पोटात जे, तेच मी गळावर बांधायची. गढूळ पाण्याला काळी आणि मोठी, म्हणजे माशाला खालून तिची सावली तरी दिसते. वाहत्या पाण्याला आत पितळी तार, म्हणजे ती खाली जाते. नितळ पाण्याला बारीक, फिकी, आईच्या जुन्या लुगड्याच्या काठातली जरीची एखादी तार लावून. उथळ आणि गवताळ जागी बोकडाच्या केसांचा फुगीर बेडूक, तो गवतावरून घसरत येतो, अडकत नाही. तू सकाळी विचारायचास, "आज कोणती गं?" मी उठायची, तू नदीवरून आणलेल्या बादलीतलं पाणी बघायची आणि देऊन टाकायची. तू जाऊन यायचास आणि कॅम्पभर बोलबाला व्हायचा, नागनाथच्या हाताला मासा लागतो म्हणून. ऐकताना मला आनंदही व्हायचा बरं का. अंगाचा तिळपापडही व्हायचा.

लग्न होऊन सेलूला आले तरी एवढं एक काम माझ्याकडं होतं. पाणी कसं आहे ते तू कार्डावर कळवायचास आणि मी पाकिटातून माश्या पाठवायची. पोटात काय निघालं ते लिही, असं मी दर पत्रात विचारते आणि तू दर पत्रात विसरतोस. या वेळी तुझ्या पत्राखाली वहिनीच्या अक्षरात दोन ओळी आहेत. "वन्सं, पोटात झिंगे निघाले. चार आख्खे व्हते." दादा, तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून बघितलं.  त्यावर तुझं आणखी एक वाक्य, सरजाचे केस लांब आणि दाट आहेत, काळ्या माशीला लागत असतील तर पाठवतो. काळ्या माशीत आजवर माझे केस गेले, हे तुला माहीत तरी आहे का? नको मला तिचे केस.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. आज सकाळपासून तीनदा कागद फाडला. मागच्या वर्षी मार्चमध्ये तुमच्या पाटबंधारे खात्याचे मोठे साहेब मासे धरायला येणार होते, आणि ते खूष झाले तर तुला कायम करायचा कागद पुढं सरकेल असं तू लिहिलं होतंस. त्याच पत्रात होतं, आधी पाहणीला आले तेव्हा साहेबांनी विचारलं, हे मासे धरणं कोणाकडून शिकलास, आणि मी सांगितलं, माझं मीच शिकलो. तुला ते लिहिताना काहीसुद्धा वाटलं नाही. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पाणी नितळ आहे, गुडघाभर आहे, गवत वाढलंय, हे तू कळवलं होतंस. आणि मी तुला सहा मोठ्या काळ्या माश्या पाठवल्या, पोटात पितळी तार गुंडाळून. त्या चुकून गेल्या नव्हत्या. सगळ्या गवतात अडकल्या, साहेब दिवसभर उन्हात उभे राहून रिकाम्या हातानं परत गेले, आणि तू मला लिहिलंस, आपलं नशीबच फुटकं. मला तीन दिवस बरं वाटलं. चौथ्या दिवशी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. कायम करायच्या यादीतून तुझं नाव का राहिलं, त्याला आणखीही कारण असेल, पण तू अजून रोजंदारीवर आहेस आणि त्यात माझा हात आहे.

हे सांगायलाच पत्र लिहिलं. तू मागितलेल्या डझनभर माश्या बांधून तयार आहेत, फिक्या, झिंग्यासारख्या, वहिनीनं कळवलं तशाच. पण त्या पाकिटात घातलेल्या नाहीत. साहेब वीस तारखेला पुन्हा येणार असं तू लिहिलंस, तर मी शनिवारी एकोणीसला जिंतूरवरून दुपारच्या गाडीनं येते. दाजींना विचारलं, ते म्हणाले, "जा की. दोन दिस म्या थापतो भाकरी." रविवारी मी पाण्याशी उभी राहून माशी निवडीन, आणि साहेबांनी विचारलं तर तू माझं नाव सांगायचं. तेवढं जमणार नसेल तर उलट टपालानं कळव, माश्या पाठवून देते, मात्र मग पुन्हा बांधणार नाही. जमणार असेल तर साहेब यायच्या आधी, सकाळी, मला काठी दे. मासा लागला नाही तरी चालेल. वहिनीच्या तेरा वर्षं आधी मी मागितली होती.

तुझीच,
सत्यशीला