उरकायची कामं

सोमवार, ३ तारीख

नवं गाव, नवी नोकरी आणि खिडकीला लागून टेबल! घरगुती यंत्रांच्या दुरुस्ती केंद्राची मॅनेजर झाले मी. म्हणजे आजपासून बिघडलेले मिक्सर, बिघडलेली वॉशिंग मशिन्स आणि त्यांच्याहून बिघडलेल्या डोक्यांची गिऱ्हाइकं, सगळं माझ्या गळ्यात. काउंटरवरची मुलगी हसरी आहे, मेकॅनिक घुम्या, आणि मालक बोलके, जरा जास्तच बोलके. आधीचे मॅनेजर सोडून गेले म्हणाले. त्यांची छत्री अजून खुंटीलाच आहे. इतक्या घाईने कोण नोकरी सोडतं?

मालकांची एक पद्धत आहे. कामं डोक्यात ठेवायची नाहीत, चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावायची. झालं की चिठ्ठी टेबलावरच्या खिळ्याला खोचायची. काम संपणारं हवं. ‘लक्ष ठेवणे’, ‘सांभाळणे’ असलं चालत नाही, कारण ते संपतच नाही. घरची कामंही इथेच लावा म्हणाले, डोकं एकच असतं. पटलं बुवा मला.

आईला सांगितलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगावर आहे, पण जीभ ठणठणीत! म्हणाली, आधी चिठ्ठ्या शोधायची एक चिठ्ठी लाव.

बुधवार, ५ तारीख

नाकी नऊ आले. भिंतीचा रंग कुठला ते आता आठवावं लागेल, इतक्या चिठ्ठ्या. मग दुपारी ठाण मांडून बसले. आजची कामं एकीकडे, दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासारखी दुसरीकडे, मोठ्या कामांचे तुकडे केले. घरचीही लावली. आईची आंघोळ, चहा, गोळ्या, वेणी, एवढ्याला चार चिठ्ठ्या कोण लिहीत बसणार? एकच लावली: ‘आईचं सगळं उरकणे’. रोज सकाळी तोंडात तेच तर असतं माझ्या.

गुरुवार, ६ तारीख

सकाळी येऊन बघते तर खिळ्याला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कामं खरंच झालेली! सुट्या भागांची ऑर्डरसुद्धा गेलेली. त्या दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, बाई, आत्ता तासाभरापूर्वी तुम्हीच तर बोललात.

मी बोलले? मी तेव्हा आईची वेणी घालत होते.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तिने कानावर हात ठेवले. मेकॅनिक माझ्याकडे न बघताच नाही म्हणाला. न बघता का? माझी खुर्ची कुणाला तरी हवीय. आधी गोड मदत करायची आणि मग मालकांना सांगायचं, बाई काहीच करत नाहीत. इथे नक्की पाणी मुरतंय.

शुक्रवार, ७ तारीख

सापळा लावलाय. आज एक काम भिंतीवर लिहायचंच नाही, फक्त या वहीत लिहायचं, आणि वही माझ्या पर्समध्ये. बघू कोण करतं ते!

आईचा हरवलेला चष्मा शोधून देणे.

संध्याकाळी. घरी आले तर आईच्या डोळ्यांवर चष्मा. म्हणाली, दुपारी तूच तर दिलास की गं. एक अक्षर बोलली नाहीस, नुसती पलंगापाशी उभी राहून बघत होतीस. किती दिवसांनी जवळ थांबलीस म्हणे.

मी हसले. काय करणार? घराची एकुलती एक किल्ली दिवसभर माझ्याकडे होती.

सोमवार, १० तारीख

चूक झाली. एक गिऱ्हाईक आपल्या वॉशिंग मशीनसाठी रोज फोन करून डोकं खायचं. वैतागून शनिवारी चिठ्ठी लावली, ‘याचं तोंड बंद करणे’. वैतागून! आज त्याच्या बायकोचा फोन आला. सकाळपासून त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसलेत, ओठ उघडत नाहीत, डॉक्टरांना काही कळत नाही. मशीन राहू द्या म्हणाली.

चिठ्ठी खिळ्याला होती.

जो कोणी हे करतोय त्याला बोलणं कळत नाही. जे लिहिलंय तेवढंच कळतं.

मंगळवार, ११ तारीख

मेकॅनिकला कोपऱ्यात गाठलं. तो घाबरलेला आहे, चोर नाही. उगाच संशय घेतला बिचाऱ्याचा. म्हणाला, आधीचे साहेब नोकरी सोडून नाही गेले. याच खुर्चीत गेले. खिळ्याची सगळ्यात खालची चिठ्ठी काढून बघितली. त्यांचं अक्षर. ‘यातून एकदाचं सुटणे’.

भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. एकेक बघितली. ‘आईचं सगळं उरकणे’ ती चिठ्ठी नाही. खिळ्यालाही नाही.

म्हणजे काम हातात घेतलंय. उरकणे. देवा, मी काय लिहून ठेवलं!

‘आईला सुखरूप ठेवणे’ लिहून लावली. गळून पडली. परत लावली, परत पडली. ठेवणे चालत नाही. ते संपत नाही ना.

मालकांना न सांगताच निघाले.

घरी. आईच्या खोलीचं दार आतून बंद. आईला पलंगावरून उठता येत नाही, मग कडी कुणी— धक्के मारले, हाका मारल्या. आई आतून हसली. म्हणाली, बाहेर कोण गं ओरडतंय? तू बघ जरा.

कुणाला सांगतेय ती?

साबणाचा वास येतोय. कपबशी वाजली. आंघोळ झाली, चहा झाला. आई म्हणतेय, एवढ्या गोळ्या नसतात गं माझ्या. मग पाण्याचे घोट. मग म्हणाली, आज किती हलक्या हाताने विंचरतेस, असं रोज का नाही करत?

वेणी. वेणी शेवटची. त्यानंतर सगळं—

दार तुटत नाही. शेजारी कुणी नाही. पण वहीत लिहिलेलंही पुरं होतं. चष्म्याचं काम झालं होतं. संपणारं काम हवं. लिहिते—

आईच्या खोलीचं दार उघडणे.

कडी वाजली. उघडतंय. आई पाठमोरी. मान कलंडलेली, पण श्वास आहे, पाठ हलतेय, आहे! आणि तिच्या बाजूला दुसरी मी, माझीच साडी, हातात वेणी, वेणीचा वेढा आईच्या गळ्याभोवती— लवकर— लवकर लिही—

तिला थांबवणे.

पाठ हलायची थांबली

नाही नाही तिला म्हणजे आईला नाही, तिला म्हणजे