काचेबाहेरची पेन्सिल

महाळुंगे, रविवार

प्रिय सुजितदादा,

चार दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. म्हणून हे लिहून स्वरूपावहिनीच्या हाती देतेय. ती समोर बसून तुझ्याकडून वाचून घेणार आहे, तेव्हा खिशात कोंबायचा विचारही करू नकोस.

माझं म्हणशील तर नुसता वैताग आहे. कायदा आणि जैववैद्यकशास्त्र अशी एकत्र पदवी घेणाऱ्याला कुणीच आपलं म्हणत नाही. कायद्याच्या वर्गात आम्हाला डॉक्टर म्हणून चिडवतात, प्रयोगशाळेत वकीलसाहेब. शेजारच्या चतुराबाई चार वर्षं एकच विचारतायत, पोरी, तू सुई टोचणार का तारीख देणार? सकाळी पेशींवर परीक्षा, दुपारी पुराव्याच्या कायद्यावर. डोक्याचा पार भुगा झालाय.

यंदा ऐकण्याची तपासणी शिकवली. सरावाला माणूस हवा होता, म्हणून गेल्या महिन्यात आप्पांना चिंचवडला कॉलेजात नेलं. काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. बारीक आवाजांना आप्पांनी एकदाही दाबलं नाही. सारखे काचेतून दाराकडे बघत होते. मला वाटलं, बुजलेत. वीस वर्षं कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात काढलेला माणूस, आणि घरात टीव्ही मोठा लावला की मीच त्यांच्यावर ओरडायची.

पुढे कंपनीत काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. मागून आलेल्या फोर्कलिफ्टचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. चालवणाऱ्याने ऐनवेळी वळवली म्हणून वाचले, पण माल आडवा झाला. कंपनीने नोटिशीत लिहिलंय, हॉर्न ऐकूनही मुद्दाम बाजूला झाले नाहीत. मी मोठ्या दवाखान्यातून तपासणी करून आणली, कान कित्येक वर्षांपासून गेलेत. तर कंपनीच्या साहेबांनी वार्षिक तपासणीचे नऊ रिपोर्ट माझ्यापुढे टाकले. नऊच्या नऊ नॉर्मल, शेवटचा सहा महिन्यांपूर्वीचा. कायद्याच्या मॅडम म्हणतात, कागद त्यांच्या बाजूने बोलतोय. विज्ञानाचे सर म्हणतात, कान असे सहा महिन्यांत जात नाहीत. दोघांचंही बरोबर, आणि मी मधल्या मध्ये लोंबकळतेय. चार वर्षं दोन-दोन दप्तरं वाहिली, ती घरच्या माणसाच्या उपयोगाला येत नसतील तर जाळायचीत का?

काल आप्पांच्या कानाशी ओरडून विचारलं, त्या दिवशी कॉलेजात दाराकडे काय बघत होता? म्हणाले, सुज्या कुठं दिसला न्हाई.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कंपनीत दरवर्षी तपासणीची गाडी आली की नावं पुकारायला तू दाराशी बसायचास. आवाज सोडला की यंत्रावर लागणारा दिवा तुला दिसायचा. दिवा लागला की तू पेन्सिल उचलायचीस आणि आप्पा बटण दाबायचे. नापास झालेल्याला लाइनवरच्या कामावरून काढतात, हे कोण जाणत नाही? चार वर्षांपूर्वी आप्पा हे सगळं थांबवणार होते. तेवढ्यात माझा प्रवेश झाला, आणि तूच म्हणालास, मामा, पोरगी शिकून सुटेपर्यंत ओढू. दादा, तुझा राग यायला हवा होता. मला माझाच आला.

गुरुवारी अकराला चौकशी आहे. तू खरं सांगितलंस तर तुझ्याही नोकरीवर येऊ शकतं, ते मी लपवत नाही. आप्पा तुझं नाव घेणार नाहीत. भाच्याला अडकवण्यापेक्षा कामचुकार म्हणवून घेईन, म्हणतात. चौकशीच्या अर्जात साक्षीदाराच्या नावाची जागा मी कोरी ठेवलीय, आणि तुला विचारल्याशिवाय ती भरणार नाही. पण एवढं सांगते, त्या खोलीत कुणी काही विचारलं की आप्पांना ते ऐकू येणार नाही, आणि सवयीने ते दाराकडे बघतील. तिथे तू हवास.

तुझीच, भांडकुदळ,
हर्षाली