चिंचेनं घासलेले आटे

सोमवार, २५ सप्टेंबर १९९५

अमेरिकन मशीन आलं एकदाचं! प्लास्टिकच्या बाटल्या पाडणारं. जुनं आहे, पण धष्टपुष्ट. चार-पाच वर्षांपूर्वी असलं काही मागवायचं तर परवान्यासाठी दिल्लीच्या चकरा. आता मालक रेड्डीसाहेबांनी चार फॅक्स केले नि आलं. शेजारच्या कारखान्यांतली माणसंही बघून गेली.

माझ्या वाट्याला एक लाकडी पेटी. आत पितळी जोड, मोजून ८४. मशीन आणि पाण्याचे होज यांच्या मधे बसवायचे. राव सर (स्टोअर आणि खरेदी, म्हणजे माझे साहेब) म्हणाले, "सुनंदा, ये पूरा तुम्हारा जिम्मा. ट्रायल छे तारीख को है."

हो म्हटलं. नाही कशाला म्हणू? १० ऑक्टो.ला माझे सहा महिने भरतात. त्या दिवशी कायम करतील, नाहीतर नमस्कार. स्टोअरमध्ये बाई ठेवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. जाण्यायेण्यात दोन बस बदलते, पण ही नोकरी मला हवी आहे. फार हवी आहे.

मंगळ., २६

दिवसभर जोड. त्यातले ३२ अमेरिकन: एका टोकाला अमेरिकन आटे, ते मशीनमध्ये जाणार, दुसऱ्या टोकाला आपले नेहमीचे आटे, तिथे होज. बाकी ५२ साधे, दोन्ही टोकं आपलीच. दिसायला सगळे सख्खे भाऊ. प्रत्येकाला गुंडाळलेल्या कागदावर छापलेलं होतं म्हणून कळलं. कागद तेलकट, फाटके. मी शहाणपणा करून अमेरिकनांच्या अमेरिकन टोकाला लाल चिंधी बांधली (आईचा जुना परकर कामी आला) आणि कागद टाकून दिले.

राव सरांनी बघितलं. "गुड" म्हणाले. सहा महिन्यांतला तिसरा "गुड".

शनि., ३० सप्टें.

काय मजा आली आज! सोमवारी गांधीजयंतीची सुट्टी, मंगळवारी दसरा, म्हणून आयुधपूजा आजच उरकली. सकाळपासून पाने, हातोडे, मशिनं, सगळं धुणं-पुसणं. मी घरून पाव किलो चिंच नेली होती. पितळेला चिंचेसारखं काही नाही. दोघी-तिघींनी मिळून चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी जोड घासले. सोन्यासारखे निघाले. मग मलाच सुचलं, ताटात कमळ करावं. मधे मोठे, भोवती लहान, पाकळीवर पाकळी. नव्या मशीनपुढे ठेवलं. रेड्डीसाहेबांच्या आईंनी दोनदा येऊन बघितलं.

आमच्या घरी पूजा नाही, त्यामुळे आरतीला मी मागे उभी राहिले. कुणी काही म्हटलं नाही, प्रसादाची केळी मात्र दोन दिली. दारात कोहळा फोडला, कुंकवाचं पाणी माझ्या चपलेवर.

याकूबभाई (मुख्य फिटर, तीस वर्षांचा अनुभव, हे ते रोज सांगतात) म्हणाले, "क्या मॅडम, लोहे के कारखाने में बगीचा लगा दिए!"

खूप दिवसांनी इतकी खूश आहे. आता जेवण.

तोच दिवस, जेवणानंतर

चिंध्या.

घासताना मधे येत होत्या म्हणून सोडल्या. मीच सोडल्या. "नंतर बांधू." आणि बांधल्या नाहीत. कमळात सगळे एकत्र, लाल एकही नाही, कागद टाकलेले.

रवि., १ ऑक्टो.

सकाळी बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, म्हणून तर आम्ही गाव सोडून इथे सिकंदराबादेत, तारनाक्याला. ते आधी पोट धरून हसले. आई रागावली, "पोरीची नोकरी चालली नि तुम्ही दात काढा!"

मग बाबा गंभीर झाले. म्हणाले, "पाव इंची नि एक इंची सोप्पे हैत. इंचात आटे किती ते बघायचं. आपले पाव इंचीला एकोणीस, त्यांचे अठरा. लगेच कळतंय. पण अर्धा नि पाऊण?"

"अर्धा नि पाऊण काय?"

"दोघांचेबी चौदाच."

माझं तोंड बघून पुन्हा हसले. मलाही आलं हसू, पण रडकं.

सोम., २

सुट्टी. बाबांनी ट्रंक उपसली. तळाशी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला आट्यांचा गेज. चाकूसारखा उघडतो, आत दातेरी पात्या, प्रत्येक पातीवर आकडा. बाबांनी नळाची तोटी काढून माझ्या हातात दिली. (घरात दुपारपर्यंत पाणी बंद. आईचं बोलणं इथे लिहीत नाही.)

बाबांनी शिकवलं ते असं. चौदाची पाती आट्यावर ठेवायची आणि उजेडाकडे धरायचं. पाती आपल्या आट्यांची. आपला आटा असेल तर गच्च बसते, उजेड दिसत नाही. अमेरिकन आट्याचा कोन जरा वेगळा, मधून उजेडाची रेघ दिसते. शिवाय आपल्या आट्याचं डोकं गोल, त्यांचं चपटं. नखानं कळतं. "मला कळतं," बाबा म्हणाले, "तुला कळायला दहा वर्षं लागतेत."

माझ्याकडे तीन दिवस आहेत.

राव सरांना सांगू की नको? गुपचूप निवडून टाकले तर कुणाला कळणारही नाही. बाबांना विचारलं. म्हणाले, "ते तू ठरव." हे बाबांचं नेहमीचंच, सोपं ते शिकवायचं आणि अवघड ते सोडून द्यायचं.

मंगळ., ३, दसरा

आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी, विहार, वंदना, खीर. बाबांनी तिथे अर्ध्या विहाराला माझं कमळ सांगितलं. बायका येऊन विचारतात, "चिंचेनं खरंच एवढं निघतं?" संध्याकाळी शेजारच्या लक्ष्मम्मा जम्मीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून देऊन गेल्या. घेतली. मनात एकच, उद्या लवकर पोचायचं.

बुध., ४

लवकर पोचले. याकूबभाई माझ्या आधी.

कमळाच्या सहा पाकळ्या गायब. गळू नयेत म्हणून सूत-सफेदा लावून, मशीनमध्ये बसवून मोकळे!

"याकूबभाई, काढा ते. कुठले अमेरिकन, कुठले साधे, मला ठाऊक नाही."

"कायकू? चूडी गिनके देखा मैं. मशीन में चौदा, इसमें भी चौदाच. तीन फेरे में टैट हो गया."

"अर्धा-पाऊणला दोन्हीकडे चौदाच असतात."

"तो फिर गळत कायकू नै?"

"अजून पाणी सोडलं नाहीत म्हणून."

पाण्याची चाचणी केली. तीन ठणठणीत, दोन ठिबकले, एकातून सरळ कारंजं, याकूबभाईंच्या सदऱ्यावर. सगळे हसले. ते नाही हसले. तीस वर्षांत त्यांच्या हातचा जोड गळला नव्हता म्हणे, आणि चारचौघांत गळला तो माझ्या चिंचेमुळे. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.

तिथल्या तिथे ठरवलं आणि राव सरांकडे गेले. सगळं सांगितलं: कागद मी टाकले, चिंध्या मी सोडल्या, याकूबभाईंची चूक नाही. सर पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, "फ्रायडे को ट्रायल है. पहले ठीक करो. बाद में बात करेंगे."

"बाद में" म्हणजे दहा तारखेला, हे न कळायला मी काही कुकुलं बाळ नाही.

बाबांना एक दिवस आत आणू का, विचारलं. मान हलवली. मी ते हो समजले.

गुरु., ५

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, गेज वरच्या खिशात. गेटवर सही करताना केवढी ऐट!

याकूबभाई आधी फुगलेलेच. बाबांनी गेज काढला, त्यांनी बघितला, उलटा केला, मुठीवरचा वर्कशॉपचा शिक्का बघितला. "लालागुडा?" "हौ, चौतीस साल." "मेरे मामू भी वहींच थे." झालं! पुढचा पाऊण तास मामू. मी मधे घड्याळ दाखवत उभी.

मग मशीनमधले सहाही काढून कामाला लागलो. बाबा ट्यूबलाइटखाली एकेक जोड धरतात, "साधा", "अमेरिकन", मी चिंधी बांधते. तासाभरात याकूबभाईंनी पाती हातात घेतली. त्यांना उजेडाची रेघ माझ्याआधी दिसायला लागली. दुपारनंतर तर डोळे मिटून नखानं! बाबा मुद्दाम तोच जोड दोनदा द्यायचे, ते ओळखायचे, "ये तो अभी गया, साब." दोघं शाळेतल्या पोरांसारखे. मी केले त्यातले चार चुकले, बाबांनी पकडले. तरी शेवटचे दहा एकटीनं, एकही चूक नाही. हे लिहून ठेवते.

पाच वाजता मोजले. साधे ५२. अमेरिकन ३१.

पुन्हा मोजले. ३१. मशीनला भोकं ३२.

पेटी, भुसा, चिंचेची बादली, मोरी, सगळं पालथं घातलं. नाही. बाबा म्हणाले, "उद्या सापडेल."

शुक्र., ६

सापडला!!

सकाळी साडेआठला ट्रायलची यादी द्यायला मालकांच्या केबिनमध्ये गेले. देवीचा फोटो, हार, आणि पुढे उदबत्ती लावलेली. उदबत्ती कशात? पितळी जोडात, तांदूळ भरून. कमळाच्या मधलाच! आईसाहेबांना आवडला म्हणून शनिवारी उचलून नेलेला.

देवीपुढचं उचला म्हणून सांगणारी मी, आरतीला मागे उभी राहणारी. पण भोकं बत्तीस.

"सर, ती उदबत्ती काढावी लागेल. तो मशीनचा जोड आहे."

रेड्डीसाहेबांनी मराठी न कळल्यासारखं बघितलं, मग मी हिंदीत सांगितलं. म्हणाले, "अम्मवारु को दिया हुआ वापस कैसे लेंगे?" अम्मवारु म्हणजे देवी.

मी म्हटलं, "सर, मशीन भी तो उन्हीं के सामने चलनेवाली है."

मग ते उठले, चपला काढल्या, उदबत्ती बाजूला केली, तांदूळ वाटीत ओतले आणि जोड दोन्ही हातांनी मला दिला. मीही दोन्ही हातांनी घेतला. बदली एक साधा जोड आणून दिला. स्टोअरची चिठ्ठी फाडावीच लागते. कुणाला दिला: देवी, मालकांची केबिन. परत येणार: नाही. राव सर सही करताना मिशीतल्या मिशीत हसले, मी पाहिलं.

नेलेला जोड याकूबभाईंनी नखानं तपासला. "अमरीकन. लाल टोक इधर." बसवला. अकराला पाणी सोडलं. बत्तीस जोड, सगळे त्यांच्याभोवती वाकलेले. एक थेंब नाही. पहिली बाटली वाकडी पडली, दुसरी सरळ. टाळ्या! याकूबभाईंनी पहिली वाकडी बाटली मला दिली. "रख लो मॅडम. अगले दसरे को चिंच नक्को लाना."

बाटली या टेबलावर आहे. पेनं ठेवलीत त्यात.

सोम., ९

"बाद में" आलं. राव सरांनी लेखी मागितलं, जोड कसे मिसळले, कुणाकडून. एक पान लिहिलं. "कुणाकडून" पुढे माझं नाव. याकूबभाईंचं नाव घालू का, सरांनी विचारलं, सहा जोड त्यांनी न विचारता बसवले होते ना. नको म्हटलं. सरांनी कागद फाइलमध्ये लावला. माझ्याच फाइलमध्ये.

घरी सांगितलं. आई म्हणे, खरं लिहायची एवढी काय घाई होती? बाबांनी माझ्या ताटात स्वतःच्या ताटातली भजी वाढली. भीती वाटते, हे इथे तरी लिहू दे.

मंगळ., १०

सहा महिने भरले. दिवसभर कान दाराकडे. कायम केल्याचं पत्र नाही. सर सकाळी सिकंदराबादला गेले ते चारला आले, पत्राबद्दल अक्षर नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

साडेचारला टेबलावर नेहमीचे मागणीचे कागद आले, टाइप करायला. तिसरा कागद: आट्यांचे गेज, दोन. एक आपल्या आट्यांचा, एक अमेरिकन. मुंबईहून मागवायचे. माल यायला सहा आठवडे. खाली रकाना, कोण वापरणार. सरांच्या अक्षरात: सुनंदा, स्टोअर.

तीनदा वाचला. सहा आठवडे म्हणजे नोव्हेंबरचा शेवट.

टाइप केला, एकही चूक न करता. सरांसमोर ठेवला. सही केली, म्हणाले, "कल जल्दी आना, दूसरा क्रेट आ रहा है. जर्मन."

पत्राचं काहीच नाही. बाबांना दारातच सांगितलं. ते म्हणाले, "जर्मन? त्यांचे आटे मिलिमीटरात असतेत," आणि ट्रंक उघडायला गेले. आईनं दुसऱ्या एका परकराचा तुकडा दिला, निळा. चिंध्या फाडून पर्समध्ये ठेवल्या आहेत.