येतो नावाचा रकाना

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने आरामखुर्ची उलटी बांधली होती, त्यावरून बाबांनी त्याला रस्ताभर सामान कसं लादावं याचे धडे दिले. जन्मभर बस चालवलेला माणूस शेजारी बसला की ड्रायव्हरची धडगत नसते. त्यात एक कान इंजिनाने खाल्लेला, त्यामुळे उपदेश सगळा ओरडूनच. पण जागा त्यांना पसंत पडली, आणि बाबांना काही पसंत पडणं म्हणजे मोठीच गोष्ट.

म्हाताऱ्या माणसांसाठीचं निवासस्थान आहे हे. दोन मजले, लांब व्हरांडा, प्रत्येकाला वेगळी खोली. बाबांना तळमजल्यावरची नऊ नंबरची मिळाली, खिडकीशी बसायला रुंद कट्टा असलेली. मला मागच्या बाजूची, कर्मचाऱ्यांची. खाट आणि टेबल ठेवलं की संपली.

खरं सांगायचं तर ही नोकरी मी बाबांच्या खोलीसाठीच घेतली. खुबा मोडल्यापासून त्यांना दिवसभर एकटं ठेवणं जमत नव्हतं, आणि आम्हाला दुसरं आहे कोण? मला ते, त्यांना मी.

संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात. हसून बोलतात. माझं इथे छान जमेल.

बुधवार, ६ तारीख

काम समजलं. इथली सगळी माहिती डेटाबेसमध्ये आहे: कोण राहतं, कुठल्या खोलीत, कुठली औषधं. पण त्यात साधा फोन नंबर बदलायचा तरी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात, आणि ती विद्या फक्त जुन्या कारकुनांकडे. ते निवृत्त झाले आणि मोठ्या बाईंचे हात बांधले गेले.

त्यांना हवंय एक साधं पान. ब्राउझर उघडला की तक्ता दिसावा, ओळीवर क्लिक करावं, बदलावं, सेव्ह. मी ऐटीत सांगून टाकलं की पासवर्डचीसुद्धा कटकट ठेवत नाही, इमारतीतल्या कुठल्याही संगणकावरून कुणालाही जमेल. त्यांनी लगेच चहा मागवला.

शुक्रवार, ८ तारीख

आज मी ‘रहिवासी’ तक्ता घेऊन बसले होते. रकाने सरळ आहेत: नाव, खोली, आले, गेले. ‘आले’ आणि ‘गेले’त तारखा. इथून गेले म्हणजे कुठे गेले, हे वेगळं सांगायला नको. शेवटी मात्र एक विचित्र रकाना: ‘येतो’. जे इथे राहताहेत त्यांच्यापुढे तो रिकामा, आणि जे गेले त्या प्रत्येकापुढे ‘नाही’.

मला हसूच आलं. गेलेला माणूस येत नाही हे लिहून ठेवावं लागतं? बरं, बायकांपुढेही ‘येतो’च. निदान ‘येते’ तरी करायचं! मोठ्या बाईंनाही अर्थ माहीत नव्हता. कारकून फार काटेकोर होते, म्हणाल्या. कुणी गेलं की त्याच दिवशी, काळोख पडायच्या आत, स्वतः येऊन ते ‘नाही’ लिहायचे. हवं तर फोन करून विचार, म्हणाल्या. एवढ्याशासाठी कशाला फोन?

मी तिथे टिक करायचा सुबक चौकोन दिला. रकान्यात काही लिहिलेलं असेल तर टिक, रिकामा असेल तर कोरा. तक्ता किती नीटनेटका दिसतो आता.

मंगळवार, १२ तारीख

पान सुरू झालं. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला, एका आजोबांच्या मुलाचा नवा फोन नंबर टाकला आणि ‘सगळं सेव्ह करा’ दाबलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू विमानच उडवलं. वाचनालयातल्या संगणकावरही पान चालतं का तेही बघितलं. चालतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ठमे, तू मोटार दुरुस्त केली असतीस तर मला काही कळलं असतं.

गुरुवार, १४ तारीख

बाबांना मित्र मिळाला! दुपारी एक शिंपी येऊन कट्ट्यावर बसतो म्हणे. बोलत फार नाही, पण बाबांना श्रोता मिळाला की पुरे. त्याने वितीने त्यांच्या खांद्यांचं माप घेतलं. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, असेल त्याला सवय.

स्वयंपाकीण वैतागली आहे. रोजच्याइतकंच रांधते तरी पंगतीला ताटं कमी पडतात. व्हरांड्यातल्या खुर्च्याही हल्ली सगळ्या भरलेल्या असतात. मी अजून सगळ्यांना ओळखत नाही.

शनिवार, १६ तारीख

वरच्या मजल्यावरच्या गाणाऱ्या आजी आज सकाळी गेल्या. काल संध्याकाळी माझ्याकडून लिमलेटची गोळी मागून घेतली होती. फार वाईट वाटलं.

त्यांच्या ओळीत ‘गेले’ची तारीख भरायला पान उघडलं. भरलेलीच होती. मोठ्या बाईंनी भरली असेल म्हणून बदलांची नोंद पाहिली. तारीख आजची, पण भरली होती काल. वाचनालयातल्या संगणकावरून.

मोठ्या बाई काल वाचनालयात गेल्याच नव्हत्या.

रविवार, १७ तारीख

बाबांच्या सदऱ्यावर पाठीला खडूच्या रेघा. शिंपी खुणा करतो तशा. झटकल्या तरी जात नाहीत.

इथे शिंपी कोण राहतं, विचारलं. कुणीच नाही. मग बाबांकडून त्याचं नाव घेऊन तक्त्यात शोधलं. सापडला. खोली नऊ. पूर्वी कधीतरी तिथे तोच राहायचा. ‘गेले’: बरीच वर्षं झाली. आणि ‘येतो’पुढे –

‘येतो’पुढे ‘हो’.

वर पाहिलं, खाली पाहिलं. गेलेल्या सगळ्यांपुढे ‘हो’. आणि चूक माझीच. रकान्यात काही लिहिलेलं असलं की टिक. ‘नाही’ हेसुद्धा लिहिलेलंच की! माझ्या चौकोनाने प्रत्येक ‘नाही’वर टिक केली आणि मोठ्या बाईंनी सेव्ह दाबताच सगळ्या ‘नाही’चे ‘हो’ झाले. शिकाऊ पोरंही असली चूक करत नाहीत.

पण ही कागदोपत्री चूक झाली. तिने माणसं कशी –

सोमवार, १८ तारीख

दुपारी कारकुनांना फोन केला. मी ‘येतो’ म्हटलं आणि त्यांनी मला मध्येच तोडलं. मग एकच प्रश्न: कुणी बदललं?

ते म्हणाले, उठून निघताना आपण जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. जिभेला वळणच तसं. शेवटचं निघतानाही पुष्कळजण तेच म्हणून जातात. आणि शब्द दिला की पाळायला येतात. म्हणून त्याच दिवशी कुणीतरी ‘नाही’ म्हणावं लागतं. लेखी. आणि आले की त्यांना आधी आपली खोली लागते. त्या खोलीत कुणी असेल तर त्याला –

फोन तसाच टाकला. वाचनालय. संगणकापुढे पाठमोरी एक बाई, एका बोटाने सावकाश टाइप करत होती. मागे माणसं रांगेत उभी. शांत, शहाण्यासारखी. कुणाला काही शिकवावं लागलं नव्हतं. मीच इतकं सोपं करून ठेवलंय.

पडद्यावर ओळ बाबांची. ‘गेले’: आजची तारीख.

मी धावत जाऊन त्या पानाचा सर्व्हरच बंद केला. नऊ नंबरमध्ये पोचले तेव्हा बाबा आडवे झाले होते, खडूच्या रेघांसकट. शिंपी कट्ट्यावर, हातावर हात ठेवून. बाबांनी माझा हात धरला. हळू बोलले. आयुष्यात पहिल्यांदा हळू.

येतो गं ठमे, म्हणाले.

सोमवार, संध्याकाळ

काळ्या पडद्यावर बसून एकच आज्ञा दिली: ज्यांच्यापुढे ‘गेले’ची तारीख आहे त्या सगळ्यांना ‘नाही’. व्हरांडा रिकामा झाला. कट्टाही. मोठ्या बाई माझ्या गळ्यात पडून रडल्या.

त्यांना सांगितलं नाही. आज्ञेत मी एक ओळ वगळली आहे.

काळोख पडला. पडू दे. मला माझे बाबा हवेत. कसेही.

बुधवार, २० तारीख

बाबांचं सगळं काल उरकलं. आज नऊ नंबर एका निवृत्त नर्सबाईंना दिला.

दुपारी दार वाजलं. मी धावले. बाबाच! वॉकर नाही, ताठ चालतात. केवढी रडले मी. थंड आहेत, पण बाबाच आहेत.

कुजबुजलं तरी त्यांना ऐकू येतं. बिघडलेल्या कानानेसुद्धा.

गुरुवार, २१ तारीख

मी काय खाल्लं, विचारत नाहीत. सारखं एकच: खोली. नऊ नंबर नको म्हणतात, तिथे बाई आहे. बाईमाणसाला कसं उठवायचं. त्यांचा स्वभावच तो –

ते पान परत सुरू कर, म्हणतात. मला जमेल, म्हणतात.

शुक्रवार

कारकुनांचं खरं होतं. ‘नाही’ लिहायलाच हवं. आज्ञा टाइप करून ठेवली आहे. त्यांची एकच ओळ. एक बटण दाबायचं आहे. हात जात नाही. म्हणून इथे लिहितेय. इतके दिवस सांभाळलं त्यांना, आणि आता मीच –

बाबा आत आले. दार उघडल्याचं कळलंसुद्धा नाही.

माझ्या खाटेवर हात फिरवताहेत. खोली लहान आहे, म्हणाले. पण चालेल.

पाठीवरून काहीतरी ओढल्यासारखं – कोरडं, रेघ मारल्यासारखं –

दाबते. आता दाबते. मागून वाकून विचारताहेत, काय लिहितेस गं ठमे. काही ना