डबीची मागची बाजू

प्रिय आक्का,

तू म्हणशील, जोत्याला काय झालं, फोन असताना कागद घेऊन बसला. कागद जुना आहे, कडेनं पिवळा पडलाय, त्याचं कारण शेवटाला सांगतो. आधी निकाल ऐक, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. चांदी विकायची नाही. ती हिरव्या गोळ्यांची डबी घ्यायची नाही. आईचं पोट सुधारायला जे लागतं ते आपल्या घरातच आहे, आणि गेले तीन महिने ते चांदी शेळी रोज चावून खातेय. आता चुलीवर काही असेल तर उतरव, नीट बस, आणि मी हे कसं शोधून काढलं ते सावकाश वाच. मला आयुष्यात पहिल्यांदाच फुशारकी मारण्याजोगं काही मिळालंय, तर मी ती पुरती मारणार आहे.

तुझा तो व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी कंपनीच्या जिन्यात बसलो होतो. सोलापूरला आईचं मूळव्याधीचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले. डॉक्टरांनी सांगितलेलं की चोथ्याचं खायला द्या, पण पोट काही साफ होईना आणि सकाळ उजाडली की आई रडकुंडीला येते, असं तू सांगत होतीस. शेजारच्या यास्मीन भाभीनं त्या विकतात ती डबी आणून दाखवली, पालेभाज्यांच्या गोळ्या, एका डबीत म्हणे भाजीचा अख्खा वाफा. सहा महिने घ्याव्या लागणार, म्हणून चांदीला सांगोल्याच्या बाजारात न्यायचं आईनंच ठरवलं. जिला आईनं बाटलीनं दूध पाजून जगवली, जी आईच्या हाकेला तीन घरं पलीकडून पळत येते, ती चांदी. आणि शेवटी तू म्हणालीस, "जोत्या, तू तितं गोळ्याच्याच कंपनीत हायस की. घेण्यासारखं हाय का न्हाय तूच सांग. तू म्हणशील तसं."

ते शेवटचं वाक्य मी किती वेळा ऐकलं ते सांगत नाही, तू हसशील. आपल्या घरात मला आजवर दोनच प्रश्न विचारले गेले, कुठं गेलता आणि कवा येणार. आणि ते बरोबरच होतं. पुण्याच्या हॉटेलात चार महिने, मग ट्रकवर क्लीनर, मग नाशिकला द्राक्षाच्या शीतगृहात, कुठं बूड टेकलं नाही. इथं हिमाचलात आलो ते सोमशेखर सरांमुळं, ते आपल्या अक्कलकोटचे, ट्रकवर ओळख झाली, इथं तपासणीचं काम बघतात, त्यांनीच कंपनीत चिकटवलं. तरी खरं सांगतो, तुझा मेसेज आला त्या दिवशी माझी बॅग भरलेली होती. गुजरातला एक जण बोलावत होता, म्हटलं जाऊ. मग तू विचारलंस. ज्याला काहीतरी विचारलंय त्यानं उत्तर दिल्याशिवाय निघून कसं जायचं? बॅग परत खाटेखाली सरकवली आणि तुला सांगितलं की चार आठवडी बाजार थांब, आईला म्हणावं तोवर चांदीचं नाव काढायचं नाही. आबा मागून म्हणाले ते मला फोनवर ऐकू आलं हं, "झाला सातवी नापास डाक्टर." आबांना सांग, डॉक्टर नाही झालो. पण ऐका आता.

मी सोमशेखर सरांकडं गेलो आणि तू पाठवलेला डबीचा फोटो दाखवला. त्यांनी बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "पुढं पानं छापलेली असतात, जोतिराम. डबी मागून वाचायची." मी दोन वर्षं दिवसाला हजारो डब्यांना झाकणं लावली, पण एकदाही एकसुद्धा डबी उलटी करून वाचली नव्हती. म्हणून तुझ्याकडनं मागचा फोटो मागवला, आणि तू तीनदा हललेला पाठवलास, म्हणून शेवटी त्याच नावाची डबी मी इथं स्वतः मागवली. इंग्रजी बारीक अक्षरं. एकेक अक्षर जोडत एक ओळ वाचायला मला जेवणाची सुट्टी पुरायची नाही. सर आयतं सांगत नव्हते, फक्त चुकलं की हूं म्हणायचे. आठवडाभरात पाची नावं लागली. इसबगोल. गव्हांकुर. पालक. आवळा. आणि पाचवं नाव वाचून मी सरांना दोनदा विचारलं, कारण पाचवा होता शेवग्याचा पाला. आक्का, आपल्या दारात काय आहे? आणि तू रोज सकाळी त्याच्या फांद्या तोडून कुणापुढं टाकतेस?

पण तेवढ्यावर मी निकाल देणार नव्हतो. मग आली मापं. कंपनीत तपासणीच्या टेबलावर काचेच्या खोक्यातला काटा असतो, वारा लागला तरी त्याचा आकडा हलतो. सरांची परवानगी काढून मी दहा भरलेल्या गोळ्या तोलल्या, मग त्या उघडून आतली पूड झटकली आणि दहा रिकामी कवचं तोलली. वजाबाकी केली. एका गोळीत पूड अर्धा ग्रॅम, डबीवर लिहिलंय तेवढीच. म्हणजे भाभी फसवत नाहीत आणि डबीही खोटं बोलत नाही, हे आधी मान्य करतो. आता बघ, दिवसाला गोळ्या घ्यायच्या चार. चार अर्धे म्हणजे दोन ग्रॅम. सगळीच्या सगळी पूड चोथा धरली तरी दोन ग्रॅम. आणि मोठ्या माणसाला दिवसाला चोथा लागतो पंचवीस-तीस ग्रॅम, सरांच्या तक्त्यात आहे. मी तीनदा गुणून बघितलं, म्हटलं आपलंच चुकत असेल, माझी गणितं कशी असायची ते तुला माहीत. तीनदा तेच आलं. मग खाटेखालून तुझ्या पार्सलातली कडक भाकरी आणली आणि काट्यावर ठेवली. तपासणीच्या टेबलावरची सगळी पोरं हसायला लागली. भाकरी काचेच्या खोक्यात मावेना म्हणून मोडून तोलली. साठ ग्रॅम. ज्वारीत शंभराला दहाच्या आसपास चोथा, म्हणजे आपल्या एका कडक भाकरीत सहा ग्रॅम. चार गोळ्यांच्या तिप्पट, आणि वर शेंगाची चटणी.

हिशेब जमला तरी पोटाला हिशेब कळत नाही, म्हणून मी ते स्वतःवर करून बघितलं. इथं मेसमध्ये सकाळी मैद्याचा ब्रेड, दुपारी भात-बटाटा, संध्याकाळी बटाटा-भात. माझंही आईसारखंच चाललं होतं, लाजेपायी कुणाला सांगितलं नव्हतं. सात दिवस रोज चार गोळ्या घेतल्या. थोडा फरक पडला, खोटं सांगणार नाही. पण त्या गोळ्यांबरोबर दोन पेले पाणी प्यावं लागतं, एरवी मी तेवढं पाणी पीतच नाही, तर तो फरक गोळीचा का पाण्याचा हे सरांनाही सांगता येईना. पुढचे सात दिवस गोळी बंद, पाणी तेवढंच, आणि रोज एक कडक भाकरी आमटीत मोडून. चौथ्या दिवशी सकाळी मी अशा तोऱ्यात बाहेर आलो की रांगेत उभ्या असलेल्या बिहारच्या पोरानं विचारलं, भैया, लॉटरी लगी क्या. म्हटलं, हां, लगी.

तरी एक गोष्ट मला कळेना. भाकरीनं माझं काम झालं, मग भाकरीच्या घरात राहून आईचं का होईना? तुझा तो पहिला मेसेज परत लावला. त्यात मधेच तू एक सांगून गेली होतीस, मी ते नुसतं ऐकून सोडलं होतं. आईला आतून जखम आहे म्हणून तू तिचं पीठ जुन्या पातळाच्या फडक्यातून वस्त्रगाळ करतेस, भाकरी लोण्यासारखी मऊ होते, नाहीतर गुरगुट्या भात देतेस, आणि निघालेला सगळा कोंडा चांदीला, त्यामुळं ती कशी तुकतुकीत झालीय, बाजारात बघत राहतील. आक्का, मी तिथंच थांबलो. माझं पीठ तू कधी गाळतेस का? माझं काय, मी दगडही पचवीन, म्हणून माझ्या भाकरीत कोंडा तसाच राहतो. जिच्यावर जास्त जीव तिचं पीठ जास्त बारीक. डॉक्टर म्हणाले चोथा द्या, आणि आपण सगळा चोथा मायेनं गाळून शेळीला दिला. मग त्या शेळीला विकून तोच चोथा डबीतनं परत विकत आणायला निघालो होतो. मी जिन्यात एकटाच बसून हसलो, आणि मग थोडा वेळ हसलो नाही, कारण दुपारी दीड वाजता घरात सगळे आडवे झाल्यावर तू ते फडकं धरून बसलेली मला दिसायला लागलीस.

तुझी चूक काढत नाही. आजाऱ्याला मऊ द्यायचं हे आपल्या वाडीत कुणालाही विचार, असंच सांगतील. आता मात्र असं कर. फडकं धुऊन वाळत घाल आणि परत काढू नको. पण एकदम सगळा कोंडा आईच्या पोटात लोटू नको, नाहीतर गॅस धरेल आणि ती मला शिव्या घालेल. चार दिवस निम्मं गाळलेलं, मग पूर्ण पीठ. शेवग्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी एक दिवसाआड, घोळ-तांदळीसारखी रानभाजी मिळेल तशी. आणि पाणी. आई घोटभर पिऊन तांब्या खाली ठेवते, ते मला इथनं दिसतंय, तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेव आणि तो दुपारपर्यंत रिकामा झालाय का बघ. एवढं करून पंधरा दिवसांत उतार पडला नाही, किंवा रक्त दिसलं, तर माझं ऐकत बसू नको, सोलापूरला त्याच डॉक्टरांकडं ने. इसबगोलही त्यांनी सांगितलं तरच, ते दुकानात नुसतं सुटं मिळतं, त्याला डबीची गरज नाही. गोळी कुणाच्या कामाची असेल तर माझ्यासारख्या फिरस्त्याच्या, ज्याच्या ताटात हिरवं काही पडतच नाही. आपल्या घराच्या कामाची नाही, हा माझा निकाल.

यास्मीन भाभींना तोडून बोलू नको. ऑपरेशनच्या दिवशी त्या शिलाई मशीन बंद ठेवून दोन दिवस दवाखान्यात बसल्या होत्या. त्यांना एक शेवग्याची फांदी नेऊन दे, त्यांच्या कुंपणाला लावायला, आणि म्हणावं जोत्यानं सांगितलंय, डबी मागून वाचा.

आता शेवटचं, आणि सगळ्यात मोठं. मी एका कागदावर मांडलेला तो हिशेब, गोळ्या आणि भाकरी, टेबलावर राहिला होता. सरांनी तो बघितला, मोठ्या साहेबांना दाखवला. सोमवारपासून माझं झाकणं लावायचं बंद. मला तपासणीच्या टेबलावर घेतलंय, काट्यासमोर. दर तासाला वीस गोळ्या तोलायच्या, आकडा लिहायचा आणि पुढं सही करायची. माझी सही, आक्का, दिवसातनं आठ वेळा. आणि बॅग रिकामी केली, कपडे खिळ्याला टांगले.

बॅग रिकामी करताना तळाशी ती वही निघाली. तुला आठवते का नाही माहीत नाही. मी सातवीतनं पळालो तेव्हा तू माझं दप्तर फेकू दिलं नव्हतंस, आणि पहिल्यांदा घर सोडून निघालो तेव्हा भाकऱ्यांच्या खाली गणिताची वही घातली होतीस, निम्मी कोरी. म्हणालीस, "कवातरी लिव्ह, मला." पाच वर्षं ती माझ्याबरोबर चार राज्यं फिरली आणि मी एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायला काही नव्हतं, नुसतं कुठं गेलतो आणि कवा येणार. फोनवर हे सगळं पाच मिनिटांत सांगून झालं असतं. पण तू मला लिव्ह म्हणाली होतीस. हे पत्र त्याच वहीच्या पानांवर आहे. पहिलं पान उलटून मागची बाजू बघ. वर तुझ्या अक्षरात माझं नाव आणि इयत्ता आहे, खाली गुरुजींनी घातलेलं गणित, सव्वादोन किलो गुळाचे पाव-पाव किलोचे पुडे किती, आणि मी अर्ध्यावर सोडून खिडकीतनं उडी मारलेली. काल ते पुरं केलं. उत्तर नऊ आलंय. तू तपास, आणि बरोबर असलं तर गुरुजींसारखी लाल पेनानं खूण करून आबांना दाखव.

तुझाच,
जोत्या