मोटार-घराची वास्तुशांत

६ फेब्रुवारी १९४९, रविवार. सकाळी ७ वाजून २० मिनिटे.
दाढी करत होतो. निम्म्या गालावर निर्णय झाला : मोटार-घर घ्यायचे. चोपड्याच्या जीवरामआबांचा काल निरोप आला. मुलगी सुनंदा द्यायला हरकत नाही, पण जावयाचे स्वतःचे घर पाहिजे. कापसाच्या जिनिंगमधल्या माझ्यासारख्या कारकुनाच्या भाड्याच्या खोलीत पोर नांदणार नाही. जळगावात घर चार हजारांना. मजजवळ साडेनऊशे. धुळ्याचे जुन्या मालवाले छगनभाऊ लष्कराची ॲम्ब्युलन्स आठशेला विकताहेत. आत दोन बाक, खिडक्या, पाण्याची टाकी. म्हणजे घरच. ('ॲम्ब्युलन्स' डिक्शनरीत पाहिले. शुद्ध.)
माझे पाहून पुढे पुष्कळ लोक अशी घरे घेतील. त्यांच्यासाठी सूचना लिहीत जाणार.

१३ फेब्रुवारी. धुळे.
एकोणीस प्रश्न लिहून नेले होते. छगनभाऊंनी एकाचे उत्तर दिले, अठरांवर चहा पाजला. टायर कोणत्या सालचे, असे विचारले तर म्हणाले, "दादा, लढाईत साल कोण बघतं?" पटले. सातशे नव्वदला सौदा. दहा रुपये वाचले.
सूचना १ : घासाघीस ठामपणे करावी.

१४ फेब्रुवारी.
लोटन ड्रायव्हरने गाडी जळगावी आणली. पारोळ्यापर्यंत इंजिनावर, पुढे एरंडोलपर्यंत बैलांवर, मग पुन्हा इंजिनावर. लोटन म्हणतो, इंजिन तापले होते. दुपारी मीही तापतो. आमच्या जिनिंगच्या रतिलालशेठनी वखारीमागची मोकळी जागा मार्चअखेरपर्यंत फुकट दिली.
सूचना २ : जागेची चिंता करू नये. हे घर कुठेही उभे राहते.

२७ फेब्रुवारी.
आई गावाहून आली. वास्तुशांत झाल्याशिवाय चूल पेटवणार नाही म्हणाली. भटजी आले आणि अडले. वास्तूची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरायची, आणि घराचा तळ पत्र्याचा. मीच तोड काढली : आग्नेय चाकाखाली जमिनीत पुरा. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे सुचले नव्हते. आईने आत मातीची चूल घातली. घर शोभू लागले.
सूचना ३ : धार्मिक बाबी आधीच उरकाव्या.

६ मार्च.
आबांना पत्र. तीनदा कच्चे, मग पक्के. लिहिले की सुनंदाला माहेरची आठवण झाली, तर घरासकट माहेरी येईल. हे वाक्य अप्रतिम साधले.

१३ मार्च.
उत्तर आले. "मग घर चोपड्याले आना, दाराशी दखू." अगदी वाजवी मागणी. लोटनला बोलावले. त्याने हँडल मारताच आई बाहेर आली आणि पुढच्या चाकासमोर बसली. घर वास्तूवरून हलवले तर घरधन्याचे वाईट होते, आणि घरधनी मी. प्रतिमा उकरून सोबत नेऊ म्हटले. आई म्हणाली, "आपली वास्तू कोनी उकरस का?" लोटनने इंजिन बंद केले.
आबांना लिहिले : आपणच यावे, घर स्थिर आहे.

२० मार्च.
आबा आले. बाकावर बसले, चहा घेतला, भोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "हालत नही ते घर, हालस ती गाडी. तुम्हनं काय शे?"
मी म्हणालो, दोन्ही.
"मंग चालवी दखाडा."
मी आईकडे पाहिले. आईने चुलीकडे पाहिले. आबा उठले, जोडे घालून निघाले. प्रभावित झाले असावेत.

१७ एप्रिल. रात्री जेवण नाही.
आबांचे पत्र. सुनंदाचे शिरपूरच्या एका मास्तरशी ठरले. अगत्याचे आमंत्रण. आणि वऱ्हाडासाठी आपली गाडी तीन दिवस भाड्याने मिळेल काय? आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, घर कोणी भाड्याने वऱ्हाडाला देते का. तसे कळवले.
लोटन शिरपूरला जाऊन आला. मास्तरचे घर धाब्याचे, दोन खोल्या, पावसाळ्यात गळते म्हणे. पण हलत नाही.
सूचना ४ : सुचत नाही.

हिशेब.
गाडी ७९० रुपये.
लोटन व बैल ३४.
वास्तुशांत ६१ रुपये ८ आणे.
एकूण खर्च ८८५ रुपये ८ आणे.
देणे : रतिलालशेठ, एप्रिलचे जागाभाडे १२ रुपये.
सुनंदाला आहेर : पाच की सात, अजून ठरत नाही.